मागच्या दारानं

२३ मार्च, सोमवार

"मागच्या दारानं मांजर येते, लेक नही येत." आई हे एकदाच म्हणाली होती, तेवीस वर्षांपूर्वी, सावद्याच्या घरामागच्या अंगणात. तिच्या हाताला भांडी घासायची राख होती. मी गोठ्याच्या बाजूने आत शिरले होते, कारण पुढच्या दाराने यायची हिंमत नव्हती. माझ्या नवऱ्याचं, नवलचं, घर वेगळ्या समाजाचं. आबांनी लग्नाला येणं तर सोडाच, माझं नाव घेणंही बंद केलं होतं. मला बघून आई रडली नाही, घाबरलीही नाही. एवढंच म्हणाली, आणि गल्लीतून फिरून पुढच्या दाराने ये असं हातानेच दाखवलं. मी फिरून गेले. ओट्याखाली आबांच्या चपला दिसल्या. मी तशीच स्टँडवर गेले आणि धुळ्याची वाट धरली. आई आतून दाराशी येऊन उभी राहिली असेल, हे मला बस पाळधीच्या पुढे गेल्यावर सुचलं.

आज ते वाक्य दिवसभर डोक्यात आहे, कारण सकाळी ऑफिसला मेल आली. जीवराम ॲण्ड सन्समध्ये पुण्याचे भागीदार आले आहेत. त्यांचं सॉफ्टवेअर यापुढे पुण्याची एक मोठी कंपनी सांभाळेल. आमच्या एजन्सीचं काम पंधरा एप्रिलला संपेल, तोवर सगळं नीट हवाली करावं.

जीवराम म्हणजे आबा. सन्स म्हणजे माझा धाकटा भाऊ कुंदन. सन एकच आहे, तरी पाटीवर सन्स. आबा गेले, मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रस्ते बंद असताना आई गेली. सावद्याचं घर बंद करून कुंदन जळगावला मेहरूणला राहायला गेला. ते घर मी पाहिलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीचं काम देवपुरातल्या आमच्या तीन खोल्यांच्या ऑफिसकडे कसं आलं, याचं मला आश्चर्यच वाटलं होतं. जळगावात, पुण्यात एवढे लोक असताना. आमचे दर कमी पडले असतील. पहिल्या फोनवर तो "मॅडम" म्हणाला, मी "साहेब" म्हटलं. आजवर तेच चालू आहे.

माझं काम काय आहे ते मी एकदा सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. त्यांना मी माय म्हणते. केळी कुठल्या मळ्यातून कापली, कुठल्या गाडीत भरली, गाडी कुठे पोचली, सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये असतं. आणि ते सॉफ्टवेअर जळगावात नसतं, लांब कुठेतरी भाड्याच्या यंत्रांवर असतं. बाकीचे लोक पासवर्ड टाकून पुढून आत जातात, त्यांना चित्रं आणि बटणं दिसतात. मी काळ्या खिडकीत एक ओळ लिहिते आणि मागून आत जाते.

"म्हंजे चोरना मायक?" मायने विचारलं.

"नाही हो. जिच्याकडे किल्ल्या असतात ना, तिच्यासारखी."

या खिडकीत प्रत्येक कंपनीला एक छोटं नाव देता येतं, म्हणजे दर वेळी लांबलचक पत्ता लिहावा लागत नाही. बाकीच्यांची नावं मी सरळ ठेवली आहेत. डाळमिल, जिनिंग, सूतगिरणी. कुंदनच्या कंपनीचं नाव पहिल्याच दिवशी मी 'माहेर' ठेवलं. माझ्याच संगणकावर तर होतं, कुणाला दिसणार होतं? रोज सकाळी ऑफिसात येऊन पंखा लावायच्या आधी मी लिहिते, उघड माहेर. आणि ते उघडतं.

२५ मार्च, बुधवार

कुंदनचा फोन. नेहमीचंच.

"मॅडम, पासवर्ड परत लॉक झाला."

"करते रिसेट. मेल बघा."

"हां." मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. "धुळ्याला ऊन कसं आहे?"

"तापलंय."

"इकडे तर आत्तापासूनच. पाणी येतं का देवपुरात?"

"येतं, आठवड्यातून एकदा. मेल आली का?"

"आली आली. बरं, ठेवतो."

ठेवतो म्हणाला, पण ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला, दुसरं काम वाट बघत होतं.

मला याचं कोडं पडतं. हा मुलगा शाळेत असताना आबांच्या सगळ्या गड्यांच्या बैलांची नावं सांगायचा. आजही यार्डातल्या प्रत्येक गाडीचा नंबर त्याला तोंडपाठ आहे, हिशेबनीस त्यालाच विचारतात. आणि आठ अक्षरांचा एक पासवर्ड महिनाभर डोक्यात राहत नाही. वय म्हणावं तर माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

२८ मार्च, शनिवार

आज जेवताना मायने विचारलं, "तुना भाऊना फोन ऊंथा ना परवा? काय म्हने?"

"पासवर्ड विसरला."

"आखो?"

"हो, परत."

माय हसायला लागल्या. त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, लग्न ठरलं तेव्हा कौतिक मामंजी त्यांच्या बापाच्या वावरात कामाला यायचे, आणि जाताना दर वेळी विळा विसरून जायचे. "इतला भुलकड मानूस कोठे व्हस का, मना बाप म्हने. दुसरा दिन इळा लेवाले येवाना बहाना ना तो!"

मीही हसले. म्हातारपणी माणसाला कुठून काय आठवेल सांगता येत नाही. मला दुपारी एजन्सीत हवालीची कागदपत्रं करायची होती, मी ताट उचललं.

३१ मार्च, मंगळवार

पुण्याच्या कंपनीतला स्वप्नील नावाचा माणूस फोनवर होता. तिशीचा वाटतो, नम्र आहे, घाईत आहे. इकडून कोण कोण आत येतं त्याची यादी त्याला हवी होती. मी एक ओळ लिहिली, यादी खाली सांडली. यार्डातले, हिशेबातले, नरडाण्याच्या डेपोतले. बाहेरचे म्हणून वेगळ्या रकान्यात आमच्या एजन्सीची माणसं. त्यात पहिलं नाव माझं. बाहेरचे हा रकाना मीच चार वर्षांपूर्वी बनवला होता.

"मॅडम, एक विचारू? या एकाच युजरचा पासवर्ड एवढा लॉक होतो. त्यांना स्वतःहून बदलायची सोय बंद का ठेवलीय?"

"साहेबांनीच बंद ठेवायला सांगितली होती. सुरक्षेसाठी."

"सगळ्यांची?"

"नाही, फक्त त्यांची."

"असं मी कुठे बघितलं नाही."

"मालक माणसं संशयी असतात," मी म्हटलं. तो म्हणाला, नव्या व्यवस्थेत पासवर्डच लागणार नाही, बोट ठेवलं की उघडेल. साहेबांचा त्रास जाईल.

चांगलंच आहे.

३ एप्रिल, शुक्रवार

शेजारच्या ओट्यावर खापर धुवून वाळत घातलं आहे. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. यंदा एकोणीसला, रविवारी. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, पाण्याची घागर, घागरीवर खरबूज आणि सांजोऱ्या. लिंबाला झोके. आणि सगळ्या सासुरवाशिणी माहेरी.

आमच्याकडे नवल दरवर्षी त्याच्या बहिणीला, सारिकाताईला, आणायला शिरपूरला जातो. ताई स्वतः चारचाकी चालवते, तिला कुणी न्यायला यायची काही गरज नाही. तरी नवल बसने शिरपूरला जातो, तिच्याकडे चहा घेतो, आणि तिच्याच गाडीत तिच्या शेजारी बसून परत येतो. एकदा मी म्हटलं, ताईंना फोन करून सांगा ना, येतील की. माय माझ्यावर खेकसल्या, "मुराई नई गया तर ती कसी ई? लोक काय म्हनतीन, आपली आपली ऊनी?" न्यायला येणाऱ्या भावाला इकडे मुराई म्हणतात, आमच्याकडे मुराळी. शब्द जवळपास एकच. लेकीने आपल्या पायांनी यायचं नसतं आणि बोलवा म्हणूनही सांगायचं नसतं. वाट बघायची असते.

माझं घर या गावात आहे, माणसं चांगली आहेत, मला काही कमी नाही. दरवर्षी नवलची पिशवी मीच भरते. ताईसाठी पेढे, वर टॉवेल. फक्त तो फाटक लावून गेला की मी थोडा वेळ ओट्यावर बसते, इतकंच.

दुपारी काम नसताना माहेर उघडलं. मळ्यांची यादी मागवली. आबांनी ठेवलेली नावं आता तिथे नाहीत. विहिरीचा पट्टा, चिंचेचा पट्टा, आणि मी जन्मले त्या वर्षी घेतलेला मोहिनीचा पट्टा. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना आकडे आहेत, माझा सातवा. सातव्याची कापणी पुढच्या आठवड्यात आहे. मी यादीकडे बघत बसले. पंधरानंतर हेही दिसणार नाही.

७ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं त्याने अजून कान गरम आहेत.

हवालीची बैठक होती. प्रत्येक जण आपापल्या जागी, पडद्यावर चौकोनात. पुण्याहून स्वप्नील, जळगावहून कुंदन, इथून मी. कुंदनचा चेहरा मी एवढ्या वेळ प्रथमच पाहत होते. कानशिलं पांढरी झाली आहेत. मागच्या भिंतीवर आई-आबांचा एकत्र फोटो, फोटोला चंदनाचा हार. तो फोटो माझ्याकडे नाही.

स्वप्नील म्हणाला, मॅडम, तुम्ही रोज कसं करता ते एकदा दाखवा, मी शिकून घेतो. मी माझा पडदा सगळ्यांना दिसेल असा केला आणि सवयीने ओळ लिहिली. लिहून झाल्यावर लक्षात आलं.

"माहेर?" स्वप्नीलने मोठ्याने वाचलं. "हे काय आहे?"

"काही नाही. या कंपनीचं ठेवलेलं नाव. बदलून टाकते."

"छान आहे की," तो हसला. "आमच्याकडे आम्ही क्लायंट एक, क्लायंट दोन ठेवतो. साहेब, बघितलं का? मॅडम तुमच्या कंपनीला माहेर म्हणतात."

कुंदनच्या चौकोनात हालचाल नव्हती. मला वाटलं नेट अडकलं. मग त्याने खाली बघितलं, कॅमेरा बंद झाला, माईकही. त्याच्या जागी नुसतं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर राहिलं. बैठक संपेपर्यंत तो परत दिसला नाही.

त्याला राग आला. साहजिक आहे. परक्या माणसासमोर घरचं उघडं पडलं. कामाच्या जागी मी असला पोरकटपणा करायला नको होता. संध्याकाळी मी नाव बदलायला बसले, नवं नाव काय ठेवावं ते सुचेना, तसंच राहू दिलं.

९ एप्रिल, गुरुवार

स्वप्नीलने एक नवा नियम बनवून पाठवला होता. पुण्याची मंजुरी आल्याशिवाय गाडी गेटाबाहेर जाणार नाही. असले बदल आधी तालमीच्या प्रतीवर चढवून बघायचे असतात. प्रत म्हणजे हुबेहूब तशीच कंपनी, पण खोटी. तिथे काही मोडलं तरी खऱ्या यार्डात पान हलत नाही. ओळ तीच असते, फक्त शेवटी नाव वेगळं. एकीकडे 'तालीम', दुसरीकडे 'माहेर'.

माझ्या बोटांनी माहेर लिहिलं.

काळी खिडकी विचारत नाही, नक्की का म्हणून. ती तुमच्यावर विश्वास ठेवते. मी चहाचा घोट घेतला, झालं असं ती म्हणाली, आणि दोन मिनिटांत फोन वाजला.

"अक्का! काय करून ऱ्हायली तू? सावद्याचं गेट बंद पडलं! गाड्या उभ्या हायेत भरलेल्या!"

"कुंदन, दोन मिनिटं..."

"दोन मिनिटं काय! तुले लहानपणापासून धीर म्हणून नही. पह्यले करायचं अन् मंग पाह्यचं. तुह्याच पट्ट्यातली केयी हाये पुढच्या गाडीत, या उन्हात कायी पडीन सारी!"

"फोन ठेव, मला लिहू दे."

"नही ठेवत. लिही तू. मी हाये."

मी लिहिलं. सुदैवाने बदल चढवायच्या आधी जुनं सगळं उतरवून घ्यायची मला सवय आहे, ते तसंच्या तसं परत चढवलं. त्या वेळात तो फोनवर होता. मला यार्ड ऐकू येत होतं. हमाल कुणाला तरी शिव्या देत होते, गाडीचा हॉर्न, आणि मध्येच कुंदन त्याच्या माणसांवर ओरडत होता, "अरे थांबा रे, अक्का करून ऱ्हायली!"

"आता बघ."

"उघडलं. गेली पह्यली." मोठा श्वास. "दुसरीबी गेली."

मग दुसऱ्याच आवाजात म्हणाला, "बरं, मॅडम. आभारी आहे."

चूक माझी होती, आणि ती लहान नव्हती. माल खरंच काळा पडला असता. मला शरमेने रडू यायला हवं होतं. पण मी घरी येताना पांझरेच्या पुलावर थांबून शेंगा घेतल्या आणि खात खात चालत आले. तेवीस वर्षांत माझ्यावर असं कुणी रागावलंच नव्हतं. नवल रागावत नाही. माय टोमणे मारतात, पण ते वेगळं. "लहानपणापासून" असं म्हणून रागवायला, लहानपणी तिथे असलेलं माणूस लागतं.

आणि पट्ट्याला तो अजून माझाच म्हणतो. तोंडातल्या सवयी जात नाहीत, यादीत काही लिहा.

११ एप्रिल, शनिवार

स्वप्नीलची मेल. गुरुवारच्या गोंधळाबद्दल जीवराम ॲण्ड सन्सने लेखी कळवलं आहे की चुकीचं बटण यार्डातल्याच एका माणसाने दाबलं, धुळ्याच्या एजन्सीचा काही दोष नाही. मी दोनदा वाचलं. कुंदनला ठाऊक आहे ते मीच केलं होतं. नव्या भागीदारांसमोर गावातल्या एजन्सीचं हसं नको म्हणून केलं असावं, शेवटी आमची निवड त्यानेच केली होती.

खाली एक ओळ होती. तरीही, ठरल्याप्रमाणे, बाहेरच्या सर्वांचा प्रवेश बुधवारी संध्याकाळपर्यंत बंद व्हावा.

१३ एप्रिल, सोमवार

आमच्या एजन्सीच्या सगळ्यांची नावं मी आज एका ओळीने बंद केली. एक राहिलं. माझं.

तीच ओळ माझ्या नावाने लिहिली. लाल अक्षरांत उत्तर आलं, स्वतःला स्वतः बंद करता येत नाही. मला हा नियम माहीत होता, इतरांना मीच शिकवलाय. घरातून शेवटी बाहेर पडणाऱ्याने आतून कडी लावू नये, म्हणून केलेला. माझ्याशिवाय ती मुभा फक्त मालकाच्या नावावर आहे.

कुंदनला फोन केला. काम एका बटणाचं.

"वरती उजवीकडे चाक दिसतं का?"

"दिसतं."

"त्यात युजर्स. माझं नाव शोधा."

"सापडलं." बराच वेळ काही नाही. "नेट गेलं वाटतं."

दुपारी परत केला. ओटीपी येत नाही म्हणाला. चारला म्हणाला, पासवर्ड लॉक झाला. मला वैताग आला. रिसेट करून दिला आणि म्हटलं, "साहेब, आता तरी लक्षात ठेवा. परवानंतर मी नसेन."

"हं," तो म्हणाला. मग, "काल नरडाण्याला आलो होतो. डेपोवर."

"बरं."

"तिथून देवपूर किती पडतं? पाऊण तास?"

"रस्त्याचं काम चालू आहे. तास धरा."

"तास," तो म्हणाला. "बरं. बघतो मी ते बटणाचं."

रात्रीपर्यंत माझं नाव चालूच होतं. एवढा मोठा धंदा सांभाळतो आणि एक बटण दाबायला त्याला तीन दिवस लागणार.

१४ एप्रिल, मंगळवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी. नवलची शाळा बंद, तो घरी. आमरसाच्या पातेल्याला कल्हई नाही म्हणून माय कुरकुरत होत्या. मी ओट्यावर नवलची पिशवी भरत होते, शनिवारी तो शिरपूरला जाईल.

"या वेळी पेढे नको," तो म्हणाला, "ताईला शुगर निघालीय." मग माझ्याकडे न बघता, "तू कुंदनला सांगत का नाही?"

"काय?"

"ये म्हणून. न्यायला."

"असं सांगून बोलवायचं नसतं. तुम्हाला माहितीय."

"आबा होते तोवर तो येऊ शकत नव्हता. आता कोण आहे?"

"आता त्याला यायचं असतं तर आला असता."

"आणि तोही तिकडे बसून म्हणत असेल, तिला यायचं असतं तर बोलली असती."

"तो तसला नाही. तो कामाचा माणूस आहे. चार वर्षं बोलतोय माझ्याशी, ऊन आणि पाणी सोडून काही विचारलं नाही त्याने."

नवलने माझ्याकडे असं बघितलं, जसं तो वर्गातल्या मुलाकडे बघतो, ज्याला उत्तर फळ्यावर लिहून दिलेलं असतं. आतून माय ओरडल्या, "पेढा नई तर डाया ठेव त्या पिशवीमा! हाते हलावत जावानं का बहीनकडे?" आणि तो डाळ्या आणायला गेला.

१५ एप्रिल, बुधवार

आज शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाची मुदत. माझं नाव अजून चालू होतं.

सकाळी काळी खिडकी उघडली, माहेर लिहिलं आणि थांबले. शेवटची ओळ मारली नाही. खिडकी बंद केली. तिथून आत गेले असते तर जे करायचं ते एका ओळीत झालं असतं, पण मला आज तसं जायचं नव्हतं.

यार्डातले लोक जातात तशी मी पुढच्या पानावर गेले. नाव, पासवर्ड. आणि गंमत अशी, माझाच पासवर्ड मला आठवेना. चार वर्षांत तो कधी लागलाच नव्हता. चुकले, परत चुकले, पुढच्या चुकीला लॉक होणार असं लिहून आलं. क्षणभर वाटलं, झालं तर बरं, कुंदनला फोन करायला निमित्त होईल. मग आठवला. आईचं नाव आणि सावद्याचा घर नंबर.

पान उघडलं. वर निळ्या पट्टीत, सुस्वागतम, मोहिनी. हे वाक्य मीच बसवलं होतं, सगळ्यांना दिसतं. मला आज पहिल्यांदा दिसलं.

डावीकडे विनंत्यांची यादी आहे. रजा, दुरुस्ती, गाडी. मी 'गाडी' उघडलं. हे पानही मीच बनवलं आहे. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी कंपनीची गाडी वरातीला नेली, तेव्हा कुंदनने चिडून एक नियम घालायला सांगितला होता, घरगुती कारणासाठी गाडी मिळणार नाही. कारण घरचं लिहिलं की लाल ओळ येते. तरी पाठवता येतं, पण तशी एकही विनंती त्याने आजवर मंजूर केलेली नाही. मला माहीत आहे, मी बघत आले आहे. ड्रायव्हरच्या मुलीच्या साखरपुड्यालाही नाही.

माझीही होणार नाही. आज संध्याकाळपर्यंत तो बटण दाबेल, मग नामंजूर आलेलंही मला दिसणार नाही. कदाचित तेच बरं. लेकीने सांगून बोलावून घ्यायचं नसतं, हेही खरं. पण त्या दिवशी पुढचं दार गाठूनही मी परत फिरले होते, आणि आई आत उभी होती.

लाल ओळ आली. मी ती राहू दिली. हे असं पाठवलं:

कुठून: देवपूर, धुळे.
कुठे: मेहरूण.
तारीख: शनिवार, १८ एप्रिल.
माणसं: एक.
कारण: आखाजी.
शेरा: ड्रायव्हर पाठवू नकोस, कुंदन. तू ये.